दोन दूरच्या विमानतळांमधलं अंतर आणि प्रवासाचा वेळ स्वतः कसा काढायचा

‘अमुक विमानतळापासून तमुक विमानतळापर्यंत किती किलोमीटर आणि किती तास?’ असं शोधलं की एक आकडा किलोमीटरचा मिळतो आणि एक तासांचा. किलोमीटरचा आकडा बहुतेक वेळा बरोबर असतो. तासांचा आकडा मात्र पुष्कळदा त्या किलोमीटरना एका ठरावीक वेगाने भागून काढलेला असतो. त्यात वारा धरलेला नसतो, जातानाची आणि येतानाची दिशा धरलेली नसते, धावपट्टीपर्यंत जायला लागणारी मिनिटंही नसतात. त्या आकड्यावर विसंबून पुढचं विमान, कुणाला घ्यायला जाण्याची वेळ किंवा औषधाची वेळ ठरवली की घोळ होतो.

म्हणून अंतर आणि वेळ हे दोन वेगळे हिशोब आहेत असं धरून चला. अंतर एकदाच काढायचं, वेळ मात्र जातानाचा वेगळा आणि येतानाचा वेगळा. खाली मी एकच जोडी शेवटपर्यंत नेली आहे: टोकियोचा हानेदा विमानतळ आणि लॉस एंजेलिस. मध्ये पॅसिफिक महासागर, वर जोरदार वारे आणि वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा, त्यामुळे या हिशोबातल्या बहुतेक अडचणी या एका जोडीत येऊन जातात.

आधी विमानतळ नक्की करा

शहराचं नाव पुरेसं नसतं. टोकियोला हानेदा आणि नारिता असे दोन मोठे विमानतळ आहेत आणि त्यांच्यात साधारण ६० किमी अंतर आहे. लंडनला हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन, सिटी अशी रांगच आहे. उड्डाणाच्या वेळात याने फारसा फरक पडत नाही, पण एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढचं विमान पकडायचं असेल तर दिवसाचं गणित बदलतं. एकाच नावाची गावंही असतात. सिडनी ऑस्ट्रेलियात आहे, तसंच कॅनडातल्या नोव्हा स्कोशियातही आहे. सान होजे कॅलिफोर्नियात आहे आणि कोस्टा रिकाची राजधानीही आहे. म्हणून तिकिटावरचा तीन अक्षरी कोड बघायचा आणि त्याच कोडच्या विमानतळाचे अक्षांश-रेखांश घ्यायचे. ते विश्वकोशात किंवा कोणत्याही नकाशाच्या ॲपवर मिळतात.

अक्षांश-रेखांश अंश, मिनिटं आणि सेकंदांत दिलेले असतील तर ते दशांशात करून घ्या. मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३,६०० ने भागायचं. हानेदाचा अक्षांश ३५ अंश ३३ मिनिटं आहे. ३३ भागिले ६० म्हणजे ०.५५, म्हणून ३५.५५ अंश. हेच घाईत ३५.३३ लिहिलं तर विमानतळ चोवीस-पंचवीस किलोमीटर दक्षिणेला सरकतो. उत्तर अक्षांश आणि पूर्व रेखांश धन, दक्षिण आणि पश्चिम ऋण. हे चिन्ह चुकलं तर विमानतळ दुसऱ्याच गोलार्धात जातो.

आपली जोडी अशी: हानेदा ३५.५५ उत्तर, १३९.७८ पूर्व. लॉस एंजेलिस ३३.९४ उत्तर, ११८.४१ पश्चिम, म्हणजे −११८.४१.

अंतर काढणं

गोलावर दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग बृहद्वृत्तावरून जातो. पृथ्वीचे बरोबर दोन समान भाग करणारं वर्तुळ म्हणजे बृहद्वृत्त. घरात पृथ्वीगोल असेल तर दोन ठिकाणांवर दोऱ्याची टोकं धरून तो ताणा. दोरा ज्या रेषेवर बसेल तोच मार्ग. टोकियो आणि लॉस एंजेलिस जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, त्यामुळे सपाट नकाशात सरळ पूर्वेला रेघ मारावीशी वाटते. त्या रेघेवरून गेलं तर सुमारे ९,३०० किमी पडतात. ताणलेला दोरा मात्र उत्तरेकडे वाकतो आणि मध्यावर ४७-४८ अंश उत्तरेपर्यंत जातो. तरीही तो जवळपास ५०० किमीने कमी भरतो. नकाशात विमानाची वाट विनाकारण वळसा घालताना दिसते, ती याच कारणाने. वाकडेपणा सपाट कागदामुळे आलेला आहे.

आता सूत्र. शाळेतली त्रिकोणमिती पुरते:

दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांशांतल्या फरकाच्या कोसाइनने गुणा. दोन्हींची बेरीज करा. त्या बेरजेचा व्यस्त कोसाइन (कॅल्क्युलेटरवरचं cos⁻¹) काढला की दोन विमानतळांमधला कोन मिळतो. तो अंशांत असेल तर १११.१९ ने गुणा, रेडियनमध्ये असेल तर ६,३७१ ने. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. ६,३७१ किमी ही पृथ्वीची सरासरी त्रिज्या आहे.

आपल्या जोडीत पहिली अडचण रेखांशांच्या फरकात येते. १३९.७८ वजा −११८.४१ म्हणजे २५८.१९ अंश. फरक १८०च्या वर गेला याचा अर्थ आपण पृथ्वीला लांबच्या बाजूने मोजतो आहोत. ३६० मधून वजा केलं की १०१.८१. कोसाइन दोन्हींचा सारखाच येतो, त्यामुळे सूत्र बिघडत नाही, पण पुढे वेळेचा अंदाज बांधताना १०१.८१ हाच आकडा डोळ्यांसमोर असलेला बरा.

साइनचा गुणाकार: ०.५८१४ × ०.५५८३ = ०.३२४६.
कोसाइनचा: ०.८१३६ × ०.८२९६ × (−०.२०४७) = −०.१३८२.
बेरीज: ०.१८६४. तिचा व्यस्त कोसाइन: ७९.२६ अंश.
अंतर: ७९.२६ × १११.१९ = सुमारे ८,८१३ किमी.

ॲपवर हाच आकडा पंधरा-वीस किलोमीटरने जास्त दिसला तर तुमचं चुकलेलं नाही. पृथ्वी पूर्ण गोल नाही. विषुववृत्तावर त्रिज्या ६,३७८ किमी आहे आणि ध्रुवांकडे ६,३५७. चांगली ॲप ही चपटी पृथ्वी धरून मोजतात. गोल धरून केलेल्या हिशोबात फार तर अर्ध्या टक्क्याची चूक येते, आणि प्रवासाच्या नियोजनाला तेवढी अचूकता भरपूर झाली.

संगणकावर स्प्रेडशीटमध्ये हे सूत्र टाकणार असाल तर एक काळजी घ्या. तिथली साइन-कोसाइनची फंक्शनं कोन रेडियनमध्ये मागतात. अंश तसेच दिले तर उत्तर येतं, पण ते निरर्थक असतं, आणि काही वेळा पटण्यासारखंही दिसतं.

एककांचाही गोंधळ होतो. विमान कंपन्या आणि वैमानिक सागरी मैलांत बोलतात (१.८५२ किमी), अमेरिकी संकेतस्थळं साध्या मैलांत (१.६०९ किमी). सागरी मैलाची सोय म्हणजे बृहद्वृत्ताचा एक अंश ६० सागरी मैलांच्या आसपास येतो. ७९.२६ अंश म्हणजे साधारण ४,७५६ सागरी मैल.

उत्तर तपासायला दोन मर्यादा लक्षात ठेवा. पृथ्वीवरचे कोणतेही दोन विमानतळ सुमारे २०,००० किमीपेक्षा जास्त लांब असूच शकत नाहीत, कारण तो अर्धा परीघ झाला. आणि न थांबता होणाऱ्या नियमित प्रवासी उड्डाणांत सिंगापूर ते न्यूयॉर्कचं केनेडी विमानतळ हे सर्वांत लांबच्यांपैकी आहे: सुमारे १५,३५० किमी आणि साडेअठरा तासांच्या वर. तुमच्या जोडीचं अंतर याहून बरंच जास्त आलं तर वाटेत थांबा येणार असं समजा.

विमान खरोखर किती किलोमीटर उडतं

बृहद्वृत्त हा किमान आकडा आहे. प्रत्यक्षात विमान त्याहून जास्त उडतं. उड्डाणानंतर आणि उतरण्यापूर्वी धावपट्टीच्या दिशेप्रमाणे वळसे येतात, हवाई मार्ग ठरलेले असतात, वाटेत वादळं चुकवावी लागतात. लांबच्या प्रवासात मी यासाठी दोन ते चार टक्के वाढवून धरतो. आपल्या जोडीला ८,८१३चे साधारण ९,००० किमी.

काही जोड्यांत मात्र ही वाढ फार मोठी असते आणि तिथे टक्केवारी उपयोगाची नाही. हेलसिंकी-टोकियो हे ठळक उदाहरण. रशियावरून उडता येत होतं तोवर हा प्रवास सुमारे साडेनऊ तासांचा होता. २०२२मध्ये ते आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झालं आणि तोच प्रवास सुमारे तेरा तासांवर गेला. कधी उत्तर ध्रुवावरून, कधी दक्षिणेकडून. दोन्ही विमानतळ जागच्या जागी, बृहद्वृत्तही तेच, तरी वेळ साडेतीन तासांनी वाढला. तुमच्या मार्गावर असं बंद आकाश येतं का, हे आधी बघा.

भूगोलही वाट बदलायला लावतो. तिबेटच्या पठारावरून प्रवासी विमानं शक्यतो टाळून जातात. केबिनमधला हवेचा दाब गेला तर वैमानिकाला लवकर तीन किलोमीटरच्या आसपास खाली यावं लागतं, आणि तिथे जमीनच सरासरी साडेचार किलोमीटर उंचीवर आहे. दोन इंजिनांच्या विमानांना एक इंजिन बंद पडल्यास ठरावीक मिनिटांत एखादा विमानतळ गाठता आला पाहिजे, असाही नियम आहे. दक्षिण गोलार्धातल्या मोकळ्या महासागरांवर या नियमाने मार्ग ठरतो.

किलोमीटरचे तास

मोठी लांब पल्ल्याची विमानं, म्हणजे बोइंग ७७७, ७८७ किंवा एअरबस ए३५०, उंचीवर ताशी साधारण ९०० किमी वेगाने जातात. ए३२० किंवा ७३७ थोडी हळू, सुमारे ८३०. हा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेत असतो, जमिनीच्या तुलनेत नव्हे. पुढचा सगळा फरक यातूनच निघतो.

नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्यांचे पट्टे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. उत्तर गोलार्धातही पश्चिमेकडून पूर्वेकडे, दक्षिण गोलार्धातही तसंच. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो आणि काही ठिकाणी वेग ताशी ३०० किमीच्या पुढे जातो. पूर्वेकडे निघालेल्या विमानाला ते ढकलतात, पश्चिमेकडे निघालेल्याला अडवतात. फेब्रुवारी २०२०मध्ये एका वादळाच्या जोरावर न्यूयॉर्कहून निघालेलं ७४७ विमान ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोचलं. जमिनीच्या तुलनेत त्याचा वेग ताशी १,३०० किमीच्या वर गेला होता. एरवी या दिशेला साडेसहा-सात तास धरतात, आणि लंडनहून न्यूयॉर्कला जाताना साडेसात-आठ.

शाळेतलं प्रवाहाच्या दिशेने आणि विरुद्ध दिशेने जाणाऱ्या नावेचं गणित आठवा, तेच इथे लावायचं. आपल्या मार्गावर सरासरी ताशी १०० किमी वारा धरू.

टोकियोहून लॉस एंजेलिसला: ९,००० भागिले १,००० म्हणजे ९ तास.
परत: ९,००० भागिले ८०० म्हणजे सव्वाअकरा तास.

वारा नसता तर जाऊन-येऊन बरोबर वीस तास लागले असते. वारा आल्यावर सव्वावीस झाले. म्हणजे जाताना जेवढा वाचतो त्याहून येताना जास्त जातो, कारण विमान विरुद्ध वाऱ्यात जास्त वेळ असतं. म्हणून ‘दोन्हींची सरासरी घेऊ’ हा मार्ग सोडून द्या. प्रत्यक्षात पश्चिमेकडे जाणारी विमानं जेट स्ट्रीमचा मुख्य पट्टा टाळून वेगळ्या वाटेने जातात. अंतर थोडं वाढतं, पण वेळ वाचतो. उत्तर अटलांटिकवर तर वाऱ्याचा अंदाज पाहून मार्गांचा संच रोज नव्याने ठरतो. त्यामुळे परतीसाठी मी ८०० ऐवजी ८१०-८२० धरतो.

यात आता जमिनीवरचा वेळ मिळवा. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, त्याची साधारण २० मिनिटं. गेटपासून धावपट्टीपर्यंत आणि उतरल्यावर धावपट्टीपासून गेटपर्यंत मिळून अर्धा तास. एकूण ५० मिनिटं. मग जाताना सुमारे ९ तास ५० मिनिटं आणि येताना सुमारे १२ तास. वेळापत्रकात या मार्गावर साधारण हेच आकडे दिसतात. तिकिटावरचा वेळ गेट सुटल्यापासून गेटला लागेपर्यंतचा असतो आणि कंपन्या त्यात उशिरासाठी थोडी जागाही ठेवतात. म्हणून ‘विमान हवेत नऊच तास होतं’ आणि ‘तिकिटावर दहा तास लिहिले आहेत’ ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असतात.

उत्तर-दक्षिण मार्गांवर हा फरक थोडाच राहतो. पूर्व-पश्चिम लांब मार्गांवर तो दीड-दोन तासांपर्यंत सहज जातो. जोहान्सबर्ग-सिडनी सुमारे ११,००० किमी आहे. पूर्वेकडे जाताना बारा तासांच्या आसपास, परतताना चौदाच्या आसपास.

घड्याळाचा हिशोब

सर्वांत जास्त चुका मी इथे होताना पाहतो. तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावची असते आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावची. त्या दोन वेळांची थेट वजाबाकी करायची नाही. आधी दोन्ही यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर संदर्भासाठी धरलेल्या प्रमाणवेळेत आणायच्या, मग वजा करायच्या.

टोकियो यूटीसीच्या ९ तास पुढे आहे. लॉस एंजेलिस हिवाळ्यात ८ तास मागे, उन्हाळ्यात ७ तास मागे. समजा हिवाळ्यात मंगळवारी संध्याकाळी ५ ला हानेदाहून निघालात. यूटीसीत ते मंगळवार सकाळचे ८. त्यात १० तास मिळवले की संध्याकाळचे ६. त्यातून ८ वजा केले की लॉस एंजेलिसमध्ये मंगळवार सकाळचे १०. निघालात त्याच्या सात तास आधी पोचलात, आणि हे बरोबर आहे. वाररेषा ओलांडली.

परतीला बुधवारी सकाळी ११ ला लॉस एंजेलिसहून निघालात तर यूटीसीत संध्याकाळचे ७. त्यात १२ तास मिळवले की गुरुवार सकाळचे ७, आणि टोकियोत गुरुवार दुपारचे ४. तिकिटावर पोचण्याच्या वेळेपुढे ‘+१’ असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, ते हेच. हॉटेलचं आरक्षण करण्यापूर्वी ते शोधून बघा. एक रात्र कमी किंवा जास्त धरली जाते ती इथेच.

उन्हाळी वेळ पाळणाऱ्या देशांकडे विशेष लक्ष द्या. उत्तर आणि दक्षिण गोलार्धातले उन्हाळे उलट असतात, त्यामुळे लंडन आणि सिडनीमधला फरक वर्षात कधी ९, कधी १०, तर कधी ११ तासांचा असतो. प्रवासाच्या तारखेचा फरक घ्यायचा, आजचा नव्हे. नेपाळसारख्या ठिकाणी पाऊण तासाचाही फरक असतो, यूटीसीच्या ५ तास ४५ मिनिटं पुढे.

वाटेत थांबा असेल तर

लंडन-सिडनी सुमारे १७,००० किमी आहे. सिंगापूरवरून गेलं तर १०,८८० आणि ६,३०० मिळून सुमारे १७,१८०, म्हणजे जेमतेम एक टक्का जास्त. दुबईवरून सुमारे १७,५४०. लॉस एंजेलिसवरून मात्र २०,८०० च्या वर. तिकीट निवडताना हा हिशोब पाच मिनिटांत होतो, आणि कोणता थांबा वाटेवर आहे व कोणता आडवाटेला हे लगेच कळतं. पहिल्या दोन पर्यायांतला फरक उड्डाणात अर्ध्या तासाच्या आसपासच पडतो. तिथे निर्णय थांब्याच्या लांबीवर घ्या.

एकच उड्डाण क्रमांक असला म्हणजे विमान थांबणार नाही असं नाही. तपशिलात ‘थांबे: ०’ दिसतंय का ते बघा. दोन उड्डाणं एकाच तिकिटावर असतील तर पहिलं चुकल्यावर पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीवर येते. दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर ती तुमच्यावर येते. सामान परत घ्यावं लागतं, पुन्हा तपासणी होते, काही देशांत त्यासाठी व्हिसाही लागतो. अशा वेळी तास-दीड तासाचा थांबा मी कुणालाच सुचवणार नाही. चार तास तरी ठेवा.

काही विमानतळ रात्री बंद असतात. सिडनीत रात्री ११ ते सकाळी ६ पर्यंत जेट विमानांच्या ये-जा करण्यावर निर्बंध आहेत. थांब्याची वेळ विचित्र दिसत असेल तर कारण पुष्कळदा असंच काहीतरी असतं.

शेवटची पडताळणी

तुमचा अंदाज तयार झाला की तो फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअरवर ताडून बघा. उड्डाण क्रमांक टाकला की मागच्या काही दिवसांत विमान प्रत्यक्षात कधी सुटलं, कधी उतरलं आणि कुठून गेलं ते दिसतं. एक दिवस बघू नका, आठवडाभराचे आकडे बघा. सर्वांत मोठा आकडा कोणता ते टिपून ठेवा आणि पुढच्या विमानाचं नियोजन त्यावर करा. प्रवास सहा महिन्यांनी असेल तर आत्ताचे आकडे दुसऱ्या ऋतूचे आहेत, हे ध्यानात असू द्या. जानेवारीतला पश्चिमेकडचा प्रवास जुलैतल्यापेक्षा लांबतो.

सोबत वयस्कर माणूस असेल किंवा कुणाला ठरावीक तासांनी औषध घ्यावं लागत असेल तर आणखी एक काम करा. घरातून निघाल्यापासून मुक्कामी पोचेपर्यंतचे तास एका कागदावर शून्यापासून मांडा: विमानतळावर तीन तास आधी, मग उड्डाण, थांबा, दुसरं उड्डाण, पासपोर्ट आणि सामानासाठी तास-दीड तास, शेवटी रस्ता. प्रत्येक टप्प्यासमोर निघण्याच्या गावची वेळ आणि त्या ठिकाणची वेळ, दोन्ही लिहा. इन्सुलिनसारखं औषध असेल तर हा कागद घेऊन निघण्यापूर्वी डॉक्टरांना भेटा, म्हणजे कोणता डोस कोणत्या तासाला हे ते त्यावरच लिहून देतील. औषधं हातातल्या बॅगेत ठेवा आणि उशीर झाला तर पुरतील अशी एका दिवसाची जास्त घ्या.